स्टफ्ड फ्रेंच टोस्ट: जाडी तिप्पट, वेळ नऊपट

आजचा भाग खाण्याचा आहे, पण त्यात रेसिपी कमी आणि 'हे असं का होतं' जास्त. बोलण्याच्या ओघात जे 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली' आणि चहाचे घोट आले होते ते लिहिताना काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय आहे स्टफ्ड फ्रेंच टोस्ट. अंड्या-दुधात बुडवून तव्यावर भाजलेला ब्रेड तर सगळ्यांना माहीत आहे. हा तोच, फक्त पोटात काहीतरी भरलेला. कॅफेत मागवला की छान जाड, सोनेरी, मधून मऊ असा येतो. घरी करायला गेलं की बहुतेकांचं एकच होतं: बाहेरून काळपट आणि सुरीने कापला की मधून पिवळट, ओलं, कच्चं अंडं. मग तो परत तव्यावर टाकायचा, दाबायचा, सारण बाहेर येतं, तव्याला चिकटतं, जळतं. शेवटी कुणीतरी म्हणतं, 'जाऊ दे रे, साधं ऑम्लेट-पाव कर.'

यात चवीपेक्षा एक गंभीर गोष्ट आहे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. धडधाकट माणूस काही दिवस पोट धरून बसेल आणि बरा होईल. पण घरात आजी-आजोबा असतील, लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल, तर तो 'मधला ओला भाग' हा गमतीचा विषय राहत नाही. अंड्याचे पदार्थ आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापले पाहिजेत, असा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या नियमांचा सरळ सल्ला आहे. हा ७१ आकडा लक्षात ठेवा. आजचा अख्खा भाग त्याच्याभोवती फिरणार आहे.

आता आधी थोडं गणित. घाबरू नका, एकच ओळ आहे.

उष्णता एखाद्या घन पदार्थातून आत सरकते तेव्हा लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट होत नाही, ढोबळमानाने चौपट होतो. जाडी तिप्पट झाली की नऊपट. आपला नेहमीचा कापलेला ब्रेड साधारण सव्वा सेंटीमीटर जाड असतो. त्याचा साधा फ्रेंच टोस्ट एका बाजूने दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने दोन मिनिटं, चार मिनिटांत तयार. आता दोन स्लाइस घ्या, मध्ये एक सेंटीमीटर सारण भरा. झाली जाडी साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. चार गुणिले नऊ, छत्तीस मिनिटं! त्याच आचेवर, त्याच तव्यावर छत्तीस मिनिटं ठेवलं तर बाहेर कोळसा होणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

म्हणजे बघा, आपण सगळे साध्या टोस्टची रेसिपी घेतो, त्यात सारण 'अ‍ॅड' करतो आणि वेळ थोडा वाढवतो. पण हा वेगळाच प्रश्न आहे. तो आच वाढवून सुटत नाही, कारण आच वाढवली की फक्त बाहेरचा थर लवकर जळतो, आत उष्णता सरकायचा वेग फारसा बदलत नाही. नुसती आच कमी करूनही पूर्ण सुटत नाही, कारण मग ब्रेड तूप पीत बसतो.

सुटतो तो वेगळ्या बाजूने. ७१ अंश कुठपर्यंत पोचायला हवं? जिथपर्यंत अंडं आहे तिथपर्यंत. सारणात अंडं नाही. चक्का, चीज, खोबरं, बटाटा, जे काही असेल ते नुसतं कोमट झालं तरी चालतं, काही सारणं तर थंडसर असली तरी छान लागतात. म्हणजे उष्णता मध्यापर्यंत नेण्याची धडपड करायचीच नाही. अंडं मध्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. अंड्याचं मिश्रण वरच्या अर्ध्या सेंटीमीटरमध्येच थांबलं, तर आपल्याला भाजायचा आहे तो फक्त अर्धा सेंटीमीटर, आणि तेवढा तर कुठल्याही घरच्या तव्यावर आरामात भाजतो.

ही एक गोष्ट पटली की पुढचं सगळं, म्हणजे ब्रेड कुठला, सारण कुठलं, किती वेळ बुडवायचं, आपोआप ठरत जातं.

पण त्याआधी जरा नावाबद्दल, कारण ते मला भारी वाटतं. 'फ्रेंच टोस्ट' हे नाव इंग्रजीत १६६० सालच्या रॉबर्ट मे या स्वयंपाक्याच्या पुस्तकात सापडतं. पण तिथे अंडं नाहीच! फ्रेंच ब्रेड भाजायचा आणि वाइन, साखर, संत्र्याचा रस यांत भिजवायचा, एवढंच. त्याच्याही कितीतरी आधी, अपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात ब्रेड दुधात भिजवून, तळून, वर मध घालायला सांगितलंय. फ्रेंच लोक स्वतः याला 'पॅं पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. पोर्तुगालमध्ये हाच पदार्थ 'रबानादाश' नावाने नाताळात होतो, स्पेनमध्ये 'तोरिहास' नावाने ईस्टरच्या आधीच्या दिवसांत. आणि आपल्याकडे? भारतात बऱ्याच ठिकाणी याला 'बॉम्बे टोस्ट' म्हणतात, श्रीलंकेतही. म्हणजे या टोस्टला आपल्या शहराचंही नाव मिळालंय, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही.

मुंबईच्या घरांमधला टोस्ट मात्र बहुतेक तिखट असतो. अंड्यात हिरवी मिरची, कांदा, कोथिंबीर, चिमूटभर हळद. मेपल सिरपवाल्यांना हे ऐकून धक्का बसतो. मला विचाराल तर तिखट हाच मूळ आणि गोड हा पाहुणा, पण यावर मारामारी नको.

आणि पावाच्या पोटात काहीतरी भरणं, हे तर दादरकरांना शिकवायलाच नको. वडापावची सुरुवात १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली असं सांगितलं जातं. छबिलदासच्या गल्लीत आजही लोक उभ्याने तेच खातात. पूर्वेला हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनीसारखं इराणी हॉटेल, पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीज, आणि सँडविचवाला तर प्रत्येक कॉलेजबाहेर. म्हणजे पोर्तुगीज पाव, इराणी बेकरी, इंग्रजांचं सँडविच, सगळं बंदरातून आलं आणि इथे मिसळलं. हाँगकाँगमध्ये हेच झालं. तिथल्या चहाच्या हॉटेलांत दोन ब्रेडमध्ये पीनट बटर भरून, अंड्यात बुडवून, चक्क तळतात आणि वर लोण्याचा तुकडा ठेवतात. आपल्या विषयाला त्यांचं उत्तर लक्षात घ्या: तळलं की उष्णता सगळ्या बाजूंनी एकदम लागते, त्यामुळे जाडीचा त्रास कमी होतो. उत्तर बरोबर आहे, पण रविवारी सकाळी कढईभर तेल तापवायची माझी तयारी नाही.

असो. ब्रेडकडे येऊ.

फ्रेंच टोस्टला शिळा ब्रेड लागतो हे सगळे सांगतात. का, ते फार कमी जण सांगतात. आपल्याला वाटतं शिळा म्हणजे वाळलेला. तसं नाहीये. १८५२ साली बूसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की ब्रेड हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी अजिबात उडू दिलं नाही, तरी तो शिळा होतोच. कारण ब्रेड भाजताना त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि सैल होतो. गार झाल्यावर त्याचे रेणू हळूहळू पुन्हा एकमेकांना चिकटून रचले जातात आणि ब्रेड कडक होतो. म्हणजे शिळं होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दोन्ही हव्यात. रचना कडक झालेली असली की ब्रेड मिश्रणात पडल्यावर लगदा होत नाही, आणि पाणी थोडं उडालेलं असलं की मिश्रणाला आत जागा मिळते.

आता मुंबईची गोची. परदेशी व्हिडिओत सांगतात, 'ब्रेड रात्रभर ओट्यावर उघडा ठेवा.' जुलैत दादरमध्ये ब्रेड रात्रभर ओट्यावर ठेवून बघा. तो वाळणार नाही, उलट दमट होईल, आणि पाकीट फोडून दोन-तीन दिवस झाले असतील तर हिरवे ठिपके दिसतील. आणि हो, ठिपका दिसला की अख्खा ब्रेड फेकायचा. 'तेवढाच भाग कापून टाक' ही काटकसर इथे नको, बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खूप आत गेलेले असतात. पॅं पेर्द्यू म्हणजे वाया जाणारा पाव वाचवणं खरं, पण वाचवायचा तो शिळा पाव, बुरशी आलेला नाही.

मग उपाय काय? फ्रिज. एरवी ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात, कारण शून्य ते चार-पाच अंशांच्या आसपास ती स्टार्चची पुन्हा रचना सगळ्यात वेगाने होते, ब्रेड लवकर शिळा होतो. आपल्याला तर तेच हवंय! स्लाइस एका ताटलीत सुट्या, न झाकता, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायच्या. फ्रिजमधली हवा कोरडी असते, त्यामुळे शिळ्याही होतात आणि वाळतातही, आणि बुरशीही धरत नाही. ज्या सल्ल्याने ब्रेड 'खराब' होतो तोच इथे कामाचा. वेळ नसेल तर रिकाम्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजू दोन-दोन मिनिटं, रंग न येऊ देता, नुसत्या कोरड्या करून घ्या.

पाकिटातला मऊ मिल्क ब्रेड फार मऊ असतो, त्यात मऊ राहण्यासाठीचे घटक असतात, तो फ्रिजमध्येही पटकन कडक होत नाही. चालतो, पण बुडवताना हात चालवावा लागतो. बेकरीतून न कापलेला अख्खा ब्रेड मिळाला तर सोनं. 'न कापता द्या' म्हटलं की बेकरीवाले देतात. त्याचे साडेतीन-चार सेंटीमीटरचे जाड तुकडे करायचे आणि एका कडेने सुरी आत घालून खिसा करायचा, बाकीच्या तीन बाजूंना एकेक सेंटीमीटर सोडून. कॅफेत मिळतो तो असा असतो. लादीपावाचा जाड चौकोनसुद्धा याच पद्धतीने मस्त होतो, कुणी करत नाही पण करून बघा.

खिसा नको असेल तर दोन स्लाइसची पद्धत. कडा कापा, मध्ये सारण, चारी बाजूंना बोटभर जागा सोडून, आणि मग कडा दाबून बंद. वाटी उलटी दाबून गोल कापलं की कडा आपोआप चिकटतात. करंजीची कड जशी दाबतो तशी, मन लावून. कारण फट राहिली की मिश्रण तिथूनच आत शिरणार, आणि मग आपली ती 'अंडं मध्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही' ही अट गेली बाराच्या भावात.

आता एक गोष्ट सँडविचवाल्याकडून शिका. तो चटणी लावायच्या आधी ब्रेडला लोणी लावतो, अगदी कडेपर्यंत. नुसत्या चवीसाठी नाही. लोण्याचा थर पाणी अडवतो, म्हणून त्याचं काकडी-टोमॅटोवालं सँडविच लगेच ओलं होत नाही. आपणही स्लाइसच्या आतल्या बाजूला पातळ लोणी लावायचं. सारणाचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही आणि बाहेरचं मिश्रण सारणापर्यंत पोचत नाही. एका थरात दोन्ही कामं.

सारणाचा नियमही यातूनच निघतो: पाणी कमी. पाणी सुटणारं सारण आतून ब्रेड भिजवतं, वाफ धरतं, कडा उघडतं.

परदेशी रेसिपीत क्रीम चीज असतं. ते महाग, आणि मला विचाराल तर आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे. चक्का. दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला दादरमधल्या डेअऱ्यांसमोर ज्याच्यासाठी रांग लागते तोच. घट्ट, आंबटसर, पांढराशुभ्र. घरी करायचा तर सायीचं दही मलमलच्या फडक्यात बांधून पाच-सहा तास टांगायचं. उन्हाळ्यात ही पुरचुंडी चाळणीवर ठेवून फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर फार आंबट होतो. त्यात वेलची, चमचा-दोन चमचे पिठीसाखर, आणि चमचाभर दूध पावडर. पावडर कशाला? चक्का तापला की थोडं पाणी सोडतो, ते ती धरून ठेवते.

मग कुणीही विचारेल, थेट श्रीखंडच का नको? कारण साखर. साखर दह्यातलं पाणी ओढून घेते, म्हणून श्रीखंड चक्क्यापेक्षा सैल असतं. त्यात तापलं की अजून सैल. डब्यातलं श्रीखंड भरलंत तर ते तव्यावर भेटेल. ते टोस्टवर बाजूला वाढा, आत नको.

आंब्याचंही तसंच. हापूसच्या फोडी आत भरायचा मोह एप्रिल-मेमध्ये सगळ्यांना होतो. फोडी पाणी सोडतात, आणि खरं सांगायचं तर हापूस गरम करणं हाच मुळात गुन्हा आहे. त्याऐवजी आंबापोळी घ्या, काही जण तिला साठं म्हणतात. दादर पश्चिमेला कोकणातल्या वस्तूंची इतकी दुकानं आहेत, कुठेही मिळेल. ती म्हणजे पाणी उडवलेला आंबाच. दोन स्लाइसमध्ये चक्क्याचा थर आणि वर आंबापोळीचा तुकडा ठेवला, की ती गरम होऊन जॅमसारखी मऊ होते, पण वाहत नाही. हे माझं सगळ्यात आवडतं सारण.

दुसरं म्हणजे मोदकाचं सारण. ओलं खोबरं, गूळ, वेलची, जायफळ. ते मुळातच परतून आटवलेलं असतं, म्हणजे आपल्या सगळ्या अटी आधीच पूर्ण. गणपतीत ते हमखास उरतं, पण तेव्हा घरात अंडं चालत नाही, त्यावर पुढे बोलू.

तिखटात हिरवी चटणी, चीज, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या. चटणी मिक्सरमध्ये पाणी न घालता वाटा, डाळवं टाकलं की घट्ट होते. चीज इथे साधं क्यूबवालं प्रोसेस्ड चीजच बरं. त्यात असे क्षार असतात की वितळताना तूप आणि प्रथिनं वेगळी होत नाहीत, एकजीव राहतं. भारीतलं जुनं चेडर तेल सोडतं. स्वस्तातलं जास्त चांगलं, असं क्वचित होतं, तर घ्या संधी.

सारणाचा थर जास्तीत जास्त एक सेंटीमीटर. लोभ नको.

आता मिश्रण. दोन सँडविचना दोन अंडी, अर्धा कप म्हणजे १२० मिलीच्या आसपास दूध, चिमूटभर मीठ. गोड असेल तर एकच चमचा साखर, त्याहून जास्त नाही, कारण साखर लवकर जळते आणि आपल्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ भाजायचंय. गोडवा आत आहे, वरूनही मध घालणारच आहोत. तिखटात मिरची-कोथिंबीर अगदी बारीक; कांदा मात्र या प्रकारात नको, तो तव्यावर ब्रेडला वर उचलून धरतो आणि खाली पोकळी राहते. फेटल्यावर मिश्रण चहाच्या गाळणीतून गाळा. पांढऱ्याच्या ज्या गाठी राहतात त्यांचे टोस्टवर पांढरे डाग पडतात, ते जातात. तिखटवाल्यांनी मिरची-कोथिंबीर गाळल्यानंतर घालायची, हे सांगायला नको.

बुडवायचं किती वेळ, इथे सगळा खेळ आहे. मऊ पाकिटाचा ब्रेड असेल तर एका बाजूला चार-पाच सेकंद, बस. फ्रिजमध्ये वाळवलेला असेल तर दहा-पंधरा. बेकरीचा जाड खिसावाला असेल तर एका बाजूला अर्धा मिनिट चालतं. त्याला उभा धरून कडाही एकेक सेकंद टेकवा. उचलल्यावर थेंब गळून जाऊ द्या. 'जितकं जास्त भिजेल तितकं मऊ' हा साध्या टोस्टचा नियम इथे उलटा आहे.

तवा जाड हवा. डोशाचा बिडाचा तवा असेल तर उत्तम, नॉनस्टिकही चालेल. शेगडीचा छोटा बर्नर वापरा, मोठ्या बर्नरची मंद आचसुद्धा कडेला जास्तच लागते. भाजायला लोणी एकटं नको. लोण्यात दुधाचे कण असतात, ते आधी जळतात आणि काळे ठिपके देतात. तूप घ्या. तुपात ते कण आधीच काढलेले असतात. लोण्याची चव हवीच असेल तर शेवटच्या मिनिटाला छोटा तुकडा तव्यात सोडा.

तूप तापलं, टोस्ट ठेवला, झाकण. मंद-मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. झाकणामुळे वाफ कोंडते आणि वरची बाजूही शिजायला लागते, म्हणजे उष्णता दोन्हीकडून येते. आपल्याकडे ओव्हन नसतो म्हणून झाकण हाच आपला ओव्हन. मग उलटा, आणि या वेळी झाकण नाही. कारण सोनेरी रंग यायला पृष्ठभाग कोरडा लागतो. पाणी आहे तोवर तापमान १००च्या वर जात नाही, आणि तो खरपूस रंग-वास देणारी क्रिया जोरात चालते १४०च्या आसपास. १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच माणसाने तिच्यावर पहिल्यांदा लिहिलं, म्हणून ती मायार क्रिया. आपल्या भाकरीचे डाग, शेवेचा रंग, सगळी तिचीच करामत. झाकण ठेवून रंगाची वाट बघणं म्हणजे पाण्यात बसून कपडे वाळवणं.

दुसरी बाजू तीन मिनिटं. मग उलथन्याच्या आधाराने चारी कडा उभ्या करून अर्धा-अर्धा मिनिट. या कडा सगळे विसरतात, आणि कच्चं अंडं बहुतेक वेळा तिथेच सापडतं, जोडाच्या रेषेत.

झालं की नाही हे कसं कळणार? स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर कडेने, जोडाच्या जवळ टोचा, ७१ दिसलं की झालं. नसेल तर बारीक सुरी कडेने आत घालून पाच सेकंद थांबा आणि बाहेर काढून पात्याकडे बघा. पातं चांगलं गरम आणि त्यावर पातळ पिवळं काही नाही, म्हणजे काम झालं. हे डोळ्यांनी बघणं विश्वासाचं आहे. नुसतं अंडं साधारण ६२ ते ७० अंशांत घट्ट होतं, पण त्यात दूध आणि साखर मिसळली की घट्ट व्हायला आणखी जास्त तापमान लागतं, ८०च्या आसपास. म्हणजे मिश्रण घट्ट झालेलं दिसतंय, तर ७१ आपण मागेच ओलांडलेलं आहे. पातळ दिसलं तर आच एकदम बारीक, झाकण, आणखी दोन मिनिटं. दाबू नका.

आता बिनअंड्याचं. श्रावण, चतुर्थी, गणपती, किंवा घरात अंडं येतच नाही, किंवा अंड्याचा तवाच वेगळा आहे आणि तो नेमका घासायला पडलाय. अशा वेळी कस्टर्ड पावडर. ही खरंच अंड्याला पर्याय म्हणूनच जन्मली. १८३७ मध्ये बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषध विक्रेत्याने ती बनवली, कारण त्याच्या बायकोला अंड्याची अ‍ॅलर्जी होती आणि कस्टर्ड आवडायचं. आत मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. अर्ध्या कप दुधात दोन चमचे कस्टर्ड पावडर आणि एक चमचा दूध पावडर, गुठळी न होऊ देता. प्रत्येक टोस्टच्या आधी ढवळायचं, कारण पावडर खाली बसते. दूध पावडर रंगासाठी, कारण अंडं नसलं की मायार क्रियेला लागणारी प्रथिनं कमी पडतात. ७१चं टेन्शन इथे नाही, पण कॉर्नफ्लोअर कच्चं राहिलं तर पिठूळ लागतं, म्हणून मंद आच इथेही तीच. मोदकाचं उरलेलं सारण इथे वापरा. तिखट सारण असेल तर कस्टर्डऐवजी पातळ बेसन, हळद, ओवा. पण मग तो ब्रेड पकोड्याचा तव्यावरचा भाऊ झाला, त्याला फ्रेंच म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तव्यावरून काढल्यावर थेट ताटात ठेवू नका. खालच्या बाजूला वाफ अडकते आणि मिनिटभरात खरपूसपणा जातो. जाळीवर ठेवा, नाहीतर दोन चमच्यांवर आडवा. तीन-चार मिनिटं थांबून मगच कापा, तोवर चक्का किंवा चीज जरा सावरतं. चार जणांसाठी करत असाल तर झालेले टोस्ट जाळीवरच राहू द्या. एकावर एक रचले की खालचे सगळे मऊ पडतात.

बुडवून ठेवलेलं कच्चं सँडविच 'नंतर भाजू' म्हणून ओट्यावर ठेवायचं नाही, आणि उरलेलं अंड्याचं मिश्रणही नाही, आपल्या हवेत तर नाहीच. भरलेलं पण न बुडवलेलं सँडविच मात्र आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येतं, ब्रेड वाळायचं कामही तिथेच होतं. सकाळी फक्त बुडवा आणि भाजा. भाजून उरलेला टोस्ट फ्रिजमध्ये एक दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये नको, ओला चामडा होतो. तव्यावर, तूप न घालता, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं, आणि शेवटचं एक मिनिट झाकण काढून.